आधी काय टाकलं?

गेल्या वर्षी एक संपादक बाई आमच्या हॉस्पिटलात डोळे तपासायला आल्या होत्या. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की दोन-तीन तास जवळचं काही दिसत नाही. वाचता येत नाही, मोबाइलवरची अक्षरं पसरतात. वाचायची सवय असलेल्या माणसाचे त्या वेळात फार हाल होतात. मग त्या माझ्याशीच बोलत बसल्या. कुठल्या गावच्या, किती शिकलात, लोकांच्या डोळ्यांत औषध टाकायला भीती नाही का वाटत. मी म्हटलं, वाटते ना, रोज वाटते. त्या म्हणाल्या, "मग हेच लिहून द्या आमच्या दिवाळी अंकाला." मला वाटलं, आत्ता दिसत नाहीये म्हणून बोलतायत, दिसायला लागलं की विसरतील. विसरल्या नाहीत. तीनदा फोन आला.

म्हणून लिहिते. माझी शाळा आठवीच्या सहामाहीनंतर सुटली. शुद्धलेखनाच्या चुका त्यांनी सुधारायच्या असं ठरलं आहे. बाकीच्या चुका माझ्या. त्यांतल्या एका चुकीसाठीच हे लिहायला बसले, खरं सांगायचं तर.

मी गोंदियाकडची, धानाच्या मुलखातली. लग्न झालं आणि नाशिक रोडला गाडीतून उतरले ती भीत भीतच. आमचे हे सातपूरला एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डर होते. आम्ही पत्र्याच्या एका खोलीत राहायचो. इथली मराठी मला कळायची, पण माझी इथल्या लोकांना हसू आणायची. मी "मले", "तुले" म्हटलं की दुकानदार दोनदा विचारायचा. मग मी बोलणंच कमी केलं. त्र्यंबक रोड ओलांडायचीही भीती वाटायची. कंपन्या सुटायच्या वेळी मोटरसायकलींचा असा लोंढा यायचा की मी दुधाची पिशवी हातात घेऊन अर्धा अर्धा तास कडेला उभी राहायचे.

पहिल्यांदा कुणी हाताला धरून मला तो रस्ता ओलांडून दिला असेल तर शेजारच्या यमुनाताईनं. ती पेठकडची. नवरा लवकर गेला, लेक पुढे सुरगाण्याला दिली. रोज सकाळी पिकअपमध्ये उभी राहून बायांच्या टोळीबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला जायची. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. रस्त्याच्या मधोमध मला म्हणाली, "डोळे मिटून काय चालती गं? इथं डोळे उघडे ठेवून मरायचं असतं." माझं बाळंतपण तिनं केलं. आणि या हॉस्पिटलात झाडूपोछ्याला बाई हवी आहे हे तिनंच कुठून तरी ऐकून आणलं आणि स्वतःचा एक खाडा करून मला तिथं नेऊन उभं केलं.

झाडू मारता मारता थेंबांपर्यंत कशी आले ते थोडक्यात सांगते. एक म्हातारे बाबा डोळा उघडेनात. सिस्टर रागावली तसे ते आणखी घट्ट मिटायला लागले. मी फडकं बाजूला ठेवून त्यांना म्हटलं, "बाबाजी, वर पंख्याकडे पाहा, तो फिरते का बंद आहे सांगा." त्यांनी पाहिलं आणि सिस्टरनं थेंब टाकला. आमच्या मोठ्या मॅडम दारातून बघत होत्या. डोळ्यांच्या डॉक्टर, बोलायला कमी, चष्म्याच्या वरून बघायची सवय. म्हणाल्या, "उद्यापासून ही थेंबांच्या टेबलावर बसेल." मला वाटलं, काही चुकलं म्हणून शिक्षा आहे.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डोळ्यात थेंब टाकणं म्हणजे डोळ्यावर थेंब पाडणं नाही. खालची पापणी हलकेच ओढायची, तिथं एक छोटी खोळ होते, थेंब त्या खोळीत पडला पाहिजे. एकच. दुसरा गालावरच जातो. मग डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं थोडा वेळ दाबून धरायचा, नाहीतर औषध नाकातून घशात उतरतं आणि पेशंट म्हणतो, बाई, घसा कडू झाला. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं थांबायचं. बाटलीचं तोंड पापणीला लागू द्यायचं नाही.

हे झालं हाताचं काम. भीती असते ती बाटल्यांची. सगळ्या सारख्याच, बोटाएवढ्या. नावं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. मला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी पहिली चार अक्षरं चित्रासारखी पाठ केली. नुसत्या झाकणाच्या रंगावर जायचं नाही, कंपनी बदलली की रंग बदलतो. बाटली तीनदा वाचायची. उचलताना, उघडताना आणि परत ठेवताना. पहिलं वर्षभर मी झोपेतसुद्धा वाचायचे. बाहुली मोठी करायचं औषध ज्याला चालत नाही अशा माणसाच्या डोळ्यात गेलं तर काय होतं हे मॅडमनी सांगून ठेवलं होतं, आणि ते ऐकल्यापासून माझ्या पोटात जो गोळा बसला तो अजून आहे. मॅडम म्हणतात, तो गोळा आहे म्हणूनच तुला टेबलावर बसवलं.

या टेबलावरचं माझं आणखी एक काम म्हणजे कार्ड. नवा पेशंट आला की त्याच्या कार्डावर एक रकाना मी भरते. आधीचं औषध. मी विचारते, "आधी काय टाकलं?" दहातले नऊ जण म्हणतात, "काही नाही." मग मी गप्प बसून त्यांच्याकडे बघत राहते. जरा वेळानं पिशवीतून, खिशातून, पदराच्या गाठीतून बाटली निघते. कुणी गुलाबपाणी टाकलेलं असतं, कुणी मध. एका आजीबाईंनी तर कानाचं औषध डोळ्यात टाकलं होतं. वर मलाच म्हणाल्या, "कान आणि डोळा, दोन बोटांचं तर अंतर आहे गं."

सातपूरचे वेल्डर येतात. गॉगल न लावता काम केलेलं असतं, दुसऱ्या दिवशी डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाण्याच्या धारा. तपासायच्या आधी डोळा बधिर करायचा एक थेंब टाकतात. त्यानं अर्ध्या मिनिटात सगळं दुखणं थांबतं. मग ते हात जोडतात, "ताई, हीच बाटली द्या घरी." ती आम्ही कधीच देत नाही. दुखणं थांबलं की माणूस डोळा चोळतो, परत कामावर जातो, आणि वारंवार टाकलं तर त्या औषधानंच बुबुळाची वरची कातडी विरघळायला लागते. एकानं ती बाटली ट्रेमधून उचलून खिशात घातली होती. मी त्याच्या मागे रिक्षा स्टँडपर्यंत पळाले. तो म्हणाला, "वहिनी, एवढीशी तर बाटली, तुझ्या बापाची आहे का?" मी म्हटलं, "डोळा तुझ्या बापाचा आहे का?" बाटली परत आणली. यांच्याच शेडमधला होता तो.

असं सगळं मला येत होतं. आता मालेगावच्या एका माणसाचं सांगते, कारण माझी चूक तिथून सुरू होते.

तो यंत्रमागावर काम करणारा, चाळिशीचा असेल. सुताची धूळ डोळ्यांत जाऊन खाज यायची, डोळे लाल व्हायचे. कुणा डॉक्टरनं कधीतरी दोन आठवड्यांसाठी स्टेरॉइडचा थेंब लिहून दिला होता. त्यानं तीच जुनी चिठ्ठी दाखवून दोन वर्षं तो घेतला. मी "आधी काय टाकलं" विचारल्यावर लपवालपवी नाही, उलट मोठ्या कौतुकानं एक पिशवी टेबलावर उलटी केली. सगळ्या रिकाम्या बाटल्या. बहिणीला सांगावं तसं म्हणाला, "बाजी, बहोत अच्छी दवा है. लाली दो दिन में गायब." मग त्याला आत नेलं. बाहेर आला तेव्हा भिंतीला हात लावत चालत होता. डोळ्यातलं प्रेशर वाढून आतली नस सुकली होती. समोरचं थोडं दिसत होतं, बाजूचं गेलेलं. दुखलं नाही म्हणून त्याला कळलं नाही. दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला तेव्हा तो आला.

त्या दुपारी मॅडमनी आम्हा सगळ्यांना डबे खाताना बसवून सांगितलं. त्यांनी विचारलं, "सातपूरला कंपनीत आग लागली तर आधी काय होतं?"

मी म्हटलं, "भोंगा वाजतो."

"मग?"

"गेट उघडतात. बंब येतात. पाणी, पळापळ, गर्दी."

"डोळ्यात तेच होतं," मॅडम म्हणाल्या. "धूळ गेली, मार लागला, जंतू शिरले, की तिथल्या पेशी भोंगा वाजवतात. तो भोंगा म्हणजे रसायनं. एक हिस्टामिन. ते पेशीत आधीच भरून ठेवलेलं असतं, लगेच बाहेर पडतं. खाज सुटते, बारीक रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून डोळा लाल दिसतो. त्यांतून पाणी झिरपतं, म्हणून सूज. दुसरं प्रोस्टाग्लॅन्डिन. ते आयत्या वेळी तयार होतं, पेशीच्या भिंतीतल्या चरबीपासून. त्यानं लाली टिकते आणि ठणकतं. अशी आणखीही आहेत. मग रक्तातून पांढऱ्या पेशी येतात, ते आपले बंबवाले."

मग औषधांचं सांगितलं. ॲलर्जीचा थेंब हिस्टामिनला अडवतो. दुखण्याचा एक थेंब असतो, ऑपरेशननंतर देतात, तो प्रोस्टाग्लॅन्डिन बनू देत नाही. आणि स्टेरॉइड? "स्टेरॉइड मेन स्विचच पाडतं. जवळजवळ सगळे भोंगे बंद. ऑपरेशननंतर नुसतीच सूज असते, तिथं हे औषध देवासारखं आहे. पण त्याला मोजून टाकायचं असतं आणि मोजून थांबवायचं असतं. या माणसानं थांबवलंच नाही."

मला ही नावं फार आवडली. हिस्टामिन, प्रोस्टाग्लॅन्डिन. घरी भांडी घासताना धानाच्या जातींसारखी म्हणायचे. आठवीतनं सुटलेल्या बाईला असं काही कळलं की ती जरा ताठ चालते. मीही चालले. आणि त्या दिवशीच्या सगळ्या बोलण्यातून मी एवढंच धरून ठेवलं की दोन वर्षं टाकलं तर वाईट, थोडे दिवस टाकलं तर देवासारखं.

आमच्याकडे नियम आहे. बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहायची आणि महिना झाला की ती टाकायची, आत कितीही उरलेलं असो. हे टाकायचं काम माझंच. सांगायला लाज वाटते, पण मला ते जमायचं नाही. आमच्याकडे सांडलेलं धान एक एक दाणा वेचून सुपात घेतात. अर्धी भरलेली बाटली बादलीत टाकताना हात अडायचा. एकदा महिना संपायला चार दिवस बाकी होते आणि ट्रे नवा लावायचा होता, म्हणून स्टेरॉइडची एक बाटली मी रुमालात बांधून घरी आणली. कुणाला द्यायची म्हणून नाही. असू द्यावी म्हणून.

आठ वर्षं झाली त्याला. ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. यमुनाताई संध्याकाळी पिकअपमधून उतरली ती एका डोळ्यावर पदर धरून. छाटलेली वेलाची काडी उसळून डोळ्यात लागली होती. डोळा लालभडक, पाणी थांबेना.

मी म्हटलं, "उद्या माझ्यासंगं हॉस्पिटलात चल."

"उद्या कसं यायचं? छाटणीचे आठ दिवस मिळतात, मुकादम दुसरी बाई घेईल. तुझ्याकडं हाय ना काहीतरी? तू तर रोज तेच करती."

ती "तुझ्याकडं हाय ना" म्हणाली, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो रुमालच आला.

मी हात धुतले. बाटली तीनदा वाचली. हे सगळं मी नीट केलं, हेच वाईट वाटतं. तिला खाटेवर बसवलं, पंख्याकडे बघ म्हटलं, खोळ केली, एक थेंब. कोपरा दाबून धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी लाली अर्ध्यावर. तिसऱ्या दिवशी डोळा पांढरा. यमुनाताईनं सगळ्या गल्लीत सांगितलं, "आमची मंदा म्हणजे डॉक्टरीण हाय. शिकलेल्यांना जमायचं नाय ते हिला येतं." मी नको नको म्हणायचे आणि आतून फुगायचे. ती रोज बागेत जायची, मी रोज सकाळ-संध्याकाळ थेंब टाकायचे. असे सहा दिवस.

सातव्या दिवशी सकाळी मी पापणी ओढली आणि बुबुळावर, काळ्या भागाच्या थोडं खाली, एक पांढरा ठिपका दिसला. तांदळाच्या कणीएवढा. कडा विस्कटलेल्या.

"काय गं?" ती म्हणाली. "थांबलीस का?"

"दिसते का नीट?"

"जरा धुकं हाय. दुखत नाय पण."

माझ्या हातातली बाटली मी पदरात लपवली. कुणापासून, ते माहीत नाही. तिला म्हटलं, आज कामाला जायचं नाही, आणि पहिल्यांदाच मी तिला हाताला धरून त्र्यंबक रोड ओलांडला.

रिक्षात बसल्यावर माझं डोकं भराभर चालायला लागलं. मॅडम विचारतील, आधी काय टाकलं. बाटली हॉस्पिटलची. मी चोरली असंच होतं ते. डोळे अधू झाल्यानं यांचं वेल्डिंगचं काम कमी झालं होतं तेव्हा, घर माझ्या पगारावर होतं. नोकरी गेली तर आठवीतनं सुटलेल्या बाईला पुन्हा झाडूच. आणि तोही कोण देईल? हे विचार मनात येत होते आणि शेजारी ती बसली होती, एका डोळ्यानं रस्ता बघत. मला माझीच शिसारी आली, पण विचार थांबले नाहीत.

हॉस्पिटलात गर्दी होती. मी माझ्या टेबलावर बसले, ती समोर. माझ्या हातात तिचं कार्ड. मागे माणसं उभी, शेजारी सिस्टर. मला विचारणं भागच होतं.

"आधी काय टाकलं?"

यमुनाताईनं टेबलाखालून माझा गुडघा दाबला. मोठ्यानं म्हणाली, "काय नाय. पाणी मारलं नुसतं."

रोज मी गप्प बसून बघत राहते, मग बाटली निघते. त्या दिवशी ती गप्प बसून माझ्याकडे बघत राहिली. मी रकान्यात लिहिलं, पाणी.

आत मी तिचं डोकं धरून उभी होते. मॅडमनी मशीनमधून पाहिलं. बराच वेळ.

"काडी कधी लागली?"

"सात दिस झाले."

"दुखत नव्हतं?"

"नाय. कामाला जात व्हते की."

मॅडम मागे सरल्या. "जखम आहे. पण डोळा तसा शांत दिसतोय, लाली फारशी नाही. साधा जंतू असेल. अँटिबायोटिक सुरू करू. परवा बघू."

लाली फारशी नाही.

मी डब्याच्या त्या दुपारपासून दोन वर्षं म्हणत होते ना, हिस्टामिन, प्रोस्टाग्लॅन्डिन? भोंगा, गेट, बंबवाले? त्या क्षणी मला ते पहिल्यांदा कळलं. लाली नव्हती, कारण भोंगा मी बंद पाडला होता. आत आग चालू होती, बंबवाले घरी बसले होते, आणि मॅडम गेटवरून बघून म्हणत होत्या की शांत आहे. परवापर्यंत हे असंच राहणार होतं, आणि ती कणी वाढणार होती.

मी खूप भ्याले की माझी गावची बोली तोंडात येते. ती आली.

"मॅडम, परवा नाही जी. मीच टाकलं. स्टेरॉइड. सहा दिवस. आपल्या ट्रेतली बाटली मी नेली होती. मले वाटलं..."

यमुनाताई खुर्चीतच माझ्याकडे वळली. "कशाला बोललीस गं मूर्खे! घालवलीस ना नोकरी!"

मॅडमनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि पेन दिलं. मी 'पाणी' खोडलं. लिहिताना अक्षरं कार्डाच्या बाहेर जात होती. मग त्यांनी एवढंच विचारलं, "दिवसातून किती वेळा?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "झाडाची काडी आणि वर स्टेरॉइड. बुरशी असणार. आत्ता खरवडून बघायचं."

डोळा बधिर करून त्यांनी जखमेचा जरासा भाग काचेवर घेतला. थोड्या वेळानं मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. "बघ." मी पाहिलं. उजेडात बारीक फांद्या फुटलेले धागे. वेलासारखेच दिसत होते. मॅडम म्हणाल्या, "तू यांना सहा दिवस मोकळं रान दिलंस." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मी विचारलं, "मी उद्यापासून येऊ का, मॅडम?"

"ते नंतर बघू. आधी तिला दर तासाला थेंब. कोण टाकणार?"

मी टाकले. बुरशीचं औषध पातळ ताकासारखं पांढरट असतं, दर वेळी हलवून घ्यावं लागतं. यमुनाताईला वरच्या खोलीत ठेवली होती. मी घड्याळ लावून बसायचे. पहिले चार दिवस कणी वाढतच गेली. मॅडमनी सांगितलं, बुबुळ फुटलं तर दुसऱ्याचं बुबुळ बसवावं लागेल, आणि तरी डोळा वाचेलच असं नाही. आता लाली परत आली होती, ठणका सुरू झाला होता. ती कण्हायची आणि मला वाटायचं, भोंगा वाजतोय, वाजू दे. पण तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती. तिची लेक सुरगाण्याहून आली. तिनं खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं, "हीच का ती?" आणि मग माझ्याशी बोलली नाही. अजूनही फारशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

यमुनाताईही पहिले दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी औषध हलवत असताना म्हणाली, "तीनदा वाचलंस का?"

मी म्हटलं, "हो."

"तेव्हा पण वाचलं व्हतंस."

"हो."

मग तिनं मान मागे टाकली आणि डोळा उघडला. मला थेंब टाकायला फार वेळ लागला.

तिसऱ्या आठवड्यात कडा आवळायला लागल्या. दोन महिन्यांनी जखम भरली. डोळा राहिला. पण मधोमध पांढरा डाग राहिला, काचेवर चुना लागावा तसा. त्या डोळ्यानं तिला माणूस उभा आहे एवढं दिसतं, कोण आहे ते दिसत नाही. बागेत छाटणीला तिला आता कुणी घेत नाही. द्राक्षं खोक्यात भरायच्या कामाला जाते, बसून.

मॅडमचं ते 'नंतर' आठ वर्षं झाली तरी आलं नाही. त्यांनी कधी तो विषय काढला नाही, पगार कापला नाही, कुणाला सांगितलंही नसावं. पण त्यांनी आतून "मंदा, जरा आत ये" अशी हाक मारली की मला दर वेळी वाटतं, आज. या वर्षी, हे लिहायचं ठरलं म्हणून परवानगी मागायला गेले, तेव्हा मनाचा धडा करून विचारलं, "मॅडम, ते नंतर बघू म्हटलं होतं तुम्ही. ते राहूनच गेलं."

त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "राहिलं कुठे? रोज बघते. प्रत्येक कार्डावर."

मी बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. या शहरानं मला पुष्कळ दिलं आहे, मी घेण्यासारखी नसतानाही दिलं आहे. त्याचं ओझं वाटतं, आणि भीतीही वाटते. एवढं मिळालेलं कुणीतरी एक दिवस परत मागेल, अशी.

उघडलेल्या बाटल्या मी आता तारखेच्या आदल्या दिवशीच टाकते, औषध आधी मोरीत ओतून. हात अजून अडतो.

यमुनाताई सहा महिन्यांतून एकदा तपासायला येते. ओळखीनं आधी आत जात नाही, रांगेत बसते. नंबर आला की माझ्यासमोर खुर्चीवर. मागच्या खेपेलाही आली. मी कार्ड पुढे ओढलं. आजूबाजूला नवी माणसं होती, ज्यांना काही माहीत नव्हतं.

मी विचारलं, "आधी काय टाकलं?"

"या बारीला खरंच काय नाय," ती म्हणाली. "लिही."

मी लिहिलं. मग बाहुलीचा थेंब घेतला, तीनदा वाचला, आणि तिची पापणी ओढली. आठ वर्षांत हजारो डोळे झाले असतील माझ्या हातून, कुठे हात हलत नाही. तिथं हलतो. बाटली धरून मी तशीच थांबले.

"टाक की गं," यमुनाताई वर पंख्याकडे बघत म्हणाली. "त्या डोळ्यानं मला तुझा हात कापताना दिसत नाय. पण थेंब गालावर पडला तर कळतं."